कव्हरेजचा आकडा गायब झाला, तर खर्च कशावर करावा?

बिल्ड हिरवा आहे. सगळ्या टेस्ट पास झाल्या आहेत. फक्त जिथे रोज ‘७८ टक्के’ असं काहीतरी दिसायचं, तिथे आज एक आडवी रेघ आहे. ग्राहकाशी झालेल्या करारात किमान कव्हरेज, म्हणजे टेस्टनी कोडच्या किती टक्के ओळी चालवल्या ते प्रमाण, लिहिलेलं असेल, तर त्या रेघेपायी बिल अडकू शकतं. मग दुपारपर्यंत टीमच्या ग्रुपवर सूचना येऊ लागतात. कुणी म्हणतं मोठा रनर, म्हणजे बिल्ड चालवणारं मोठं मशीन घेऊ, कुणी म्हणतं एखादी सशुल्क कव्हरेज सेवा घेऊन टाकू, कुणी ओळखीतल्या डेव्हऑप्सवाल्याचा नंबर पाठवतं. या प्रत्येक सूचनेला पैसे लागतात आणि बहुतेक वेळा यातल्या एकाचीही गरज नसते.

हे मार्गदर्शन ते पैसे देणाऱ्यासाठी आहे. पाच-पंधरा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे, टीम लीड किंवा एकट्याने कामं घेणारे. माझं म्हणणं सरळ आहे: हरवलेला आकडा शोधताना मशीनचं बिल किरकोळ येतं, माणसांच्या तासांचं बिल जबर येतं. नवीन सेवा विकत घेऊन तर तो जवळजवळ कधीच सापडत नाही, कारण तो बहुधा हरवलेला असतो त्या सेवेपर्यंत पोहोचण्याआधीच.

पहिला प्रश्न फुकट आहे, पण तो फार कमी लोक विचारतात. स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय? रेघ, शून्य, की गेल्या आठवड्याचाच आकडा? हे तीन वेगळे आजार आहेत. रेघ किंवा ‘अननोन’ असं लिहिलेला बॅज म्हणजे अहवाल पोहोचलाच नाही, किंवा पोहोचला पण वाचता आला नाही. शून्य टक्के म्हणजे अहवाल आला, पण त्यातल्या फाईली तुमच्या कोडशी जुळल्या नाहीत किंवा टेस्ट चालताना नोंदच झाली नाही. जुनाच आकडा म्हणजे नवा अहवाल कुठेतरी वाटेत अडला आणि स्क्रीन जुन्यावर समाधान मानून बसली आहे. यात सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या साधनाचा एक अपवाद लक्षात ठेवा. ते स्वतः टेस्ट चालवत नाही, बाहेरून आलेला अहवाल वाचतं. पण कोडमधल्या चालण्याजोग्या ओळी मात्र स्वतः मोजतं. त्यामुळे अहवाल आलाच नाही तरी तिथे बहुधा ‘०.०’ दिसतं. म्हणजे सोनारमधलं शून्य हे बरेचदा वेष बदललेली रेघच असते.

आता आकड्याचा प्रवास बघू. टेस्ट चालताना कुठली ओळ चालली याची नोंद एका कच्च्या फाईलमध्ये होते. त्या कच्च्या फाईलपासून अहवाल बनतो, बहुधा एक्सएमएल किंवा एलकोव्ह स्वरूपात. तो अहवाल त्या मशीनवरून पुढच्या जॉबकडे किंवा बाहेरच्या सेवेकडे जातो. आणि शेवटी ती सेवा अहवालातली फाईलनावं रेपोतल्या फाईलनावांशी जुळवून टक्केवारी दाखवते. आकडा या चार टप्प्यांपैकी एका ठिकाणी तुटतो. कुठे, ते कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा दोन-चार ओळींची असते.

म्हणून पहिलं काम: पाइपलाइनमध्ये टेस्टच्या पायरीनंतर लगेच एक ओळ घाला, जी नावात कव्हरेज, जॅकोको किंवा एलकोव्ह असलेल्या सगळ्या फाईली आकारासह लॉगमध्ये छापेल. लपलेल्या फाईलीही, म्हणजे ज्यांचं नाव डॉटने सुरू होतं त्यासुद्धा. हीच ओळ अहवाल बनवण्याच्या पायरीनंतर आणि फाईली दुसऱ्या जॉबमध्ये उतरवून घेतल्यानंतर पुन्हा घाला. एकदा पाइपलाइन चालवा. कुठल्या थांब्यावर फाईल नाहीशी झाली किंवा तिचा आकार शून्य झाला, हे लॉगच सांगेल. या तपासणीला अर्धा तास पुरतो. ती होईपर्यंत कुणाचंही कोटेशन मागवू नका.

पहिल्याच थांब्यावर कच्ची फाईल नसेल, तर नोंद करणारा एजंट टेस्टसोबत चाललाच नाही. जावा-मेव्हनवाल्यांकडे याचं एक ठरलेलं कारण आहे. जॅकोको हे जावाचं कव्हरेज टूल आपला एजंट ‘आर्गलाइन’ नावाच्या प्रॉपर्टीतून टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायर प्लगइनला देतं. कुणीतरी मेमरी वाढवायला म्हणून शुअरफायरच्या सेटिंगमध्ये स्वतःची आर्गलाइन लिहितो. ती जुनीला जोडली जात नाही, तिच्या जागी बसते. एजंट बाहेर पडतो, टेस्ट पूर्वीसारख्याच पास होतात, आणि लॉगमध्ये कुठेतरी साध्या माहितीच्या सुरात एक ओळ येते की एक्झिक्युशन डेटा फाईल नसल्यामुळे जॅकोको वगळत आहोत. चूक म्हणून नाही, सूचना म्हणून. बिल्ड हिरवाच राहतो. उपाय एवढाच, की नव्या आर्गलाइनच्या आत जुनीचा संदर्भ ठेवायचा. शुअरफायरमध्ये फोर्क काउंट शून्य केला असेल तरीही एजंट जोडला जात नाही, कारण टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये चालतच नाहीत. जावाची आवृत्ती नुकतीच वाढवली असेल, तर जॅकोकोची आवृत्तीही बघा. जावा २१ ला अधिकृत आधार जॅकोको ०.८.११ पासून आहे.

दुसरं नेहमीचं कारण, प्रक्रिया नीट संपतच नाही. सी आणि सी प्लस प्लसमध्ये जीकोव्हची नोंद प्रोग्रॅम संपताना डिस्कवर लिहिली जाते. गोमध्ये १.२० पासून कव्हरेजसह बनवलेला सर्व्हर चालवून इंटिग्रेशन टेस्टचं कव्हरेज घेता येतं, पण तिथेही प्रोग्रॅम स्वतःहून बाहेर पडला तरच फाईल मिळते. आता डॉकर काय करतं? कंटेनर थांबवायला सांगितलं की आधी सभ्यपणे सिग्नल पाठवतं, साधारण दहा सेकंद वाट बघतं आणि मग थेट मारतं. तुमचा सर्व्हर तो पहिला सिग्नल ऐकत नसेल, तर कव्हरेजची नोंद त्याच्याबरोबरच जाते. दोन ओळींचा सिग्नल हँडलर लिहिला की प्रश्न मिटतो. हे ठाऊक नसलेल्या टीमने मोठा रनर घेतला, तर तिला तीच रेघ जास्त भाडं देऊन दिसेल.

मोठ्या रनरचा उपयोग खरोखर होतो तो एकाच परिस्थितीत. नोंद करणाऱ्या कोडमुळे टेस्टना मेमरी आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. मेमरी संपली की यंत्रणा प्रक्रियेला मारते. लॉगमध्ये एक्झिट कोड १३७ दिसला तर बहुधा हेच झालं आहे. तेव्हासुद्धा आधी टेस्टचे दोन गट करून बघा, ते फुकट आहे.

कच्ची फाईल आहे पण अहवाल नाही, हा दुसरा थांबा. ग्रेडलचा जॅकोको प्लगइन मुळात एचटीएमएल अहवाल बनवतो. एक्सएमएल अहवाल मुद्दाम चालू करावा लागतो. त्यामुळे माणूस ब्राउझरमध्ये सुंदर हिरवे-लाल अहवाल बघतो आणि सोनारला मात्र काहीच मिळत नाही, कारण त्याला एक्सएमएलच हवं असतं. शिवाय ग्रेडलमध्ये अहवाल बनवण्याचं काम टेस्टच्या कामाला आपोआप बांधलेलं नसतं. क्रम चुकला आणि कच्ची फाईल वेळेत मिळाली नाही, तर ते काम ‘स्किप्ड’ म्हणून पुढे जातं. कव्हरेजच्या दुनियेत ‘स्किप्ड’ हा शब्द लाल रंगात छापायला हवा होता, असं मला फार दिवस वाटतं. डॉटनेटवाल्यांचा त्रास वेगळा. त्यांचं कव्हरेज टूल कव्हरलेट अहवाल टेस्ट-रिझल्ट्समधल्या एका उपफोल्डरमध्ये टाकतं आणि त्या उपफोल्डरचं नाव दर वेळी नवं, यादृच्छिक असतं. ठरावीक पत्ता लिहून ठेवला असेल तर फाईल सापडणार नाही. तारांकन वापरून शोधायला सांगा.

तिसऱ्या थांब्यावर, म्हणजे फाईल एका जॉबमधून दुसऱ्यात नेताना, काय होऊ शकतं याचं उत्तम उदाहरण सप्टेंबर २०२४ मधलं आहे. पायथनचं कव्हरेज टूल आपली कच्ची नोंद ‘डॉट कव्हरेज’ नावाच्या फाईलमध्ये ठेवतं. डॉटने सुरू होणारं नाव म्हणजे युनिक्सच्या रीतीप्रमाणे लपलेली फाईल. मोठे पायथन प्रकल्प पायथनच्या पाच-सहा आवृत्त्यांवर वेगवेगळ्या जॉबमध्ये टेस्ट चालवतात, प्रत्येक जॉबची नोंद आर्टिफॅक्ट म्हणून चढवतात आणि शेवटच्या जॉबमध्ये सगळ्या एकत्र करतात. गिटहबने त्या महिन्यात आर्टिफॅक्ट चढवणाऱ्या अ‍ॅक्शनमध्ये बदल केला: लपलेल्या फाईली इथून पुढे आपोआप चढणार नाहीत. कारण रास्त होतं: लपलेल्या फाईलींमध्ये अनेकदा पासवर्ड आणि टोकन असतात आणि ते नकळत बाहेर जात होते. पण कव्हरेजची फाईलही त्याच नियमात सापडली. प्रकल्पात कुणी एक अक्षर बदललं नव्हतं आणि एका सकाळी एकत्र करणाऱ्या जॉबला एकत्र करायला काही उरलं नाही.

यातली पुढची गंमत जास्त शिकण्यासारखी आहे. चढवण्याच्या पायरीला फाईलच सापडली नाही, तर ती काय करते? मूळ सेटिंगप्रमाणे फक्त इशारा देते आणि हिरवी राहते. म्हणजे जिथे खरं बिनसलं तो जॉब हिरवा, आणि दोन जॉब पुढचा लाल. माणसं साहजिकच लाल जॉब उकरत बसतात. दुरुस्तीला एक ओळ लागते, ‘लपलेल्या फाईलीही घे’ असं सांगणारी. दुसरी ओळ मी न विसरता घालायला सांगेन: फाईल सापडली नाही तर इशारा नको, बिल्ड पाड. त्याच अ‍ॅक्शनच्या चौथ्या आवृत्तीपासून आणखी एक बदल आहे. अनेक जॉबनी एकाच नावाने आर्टिफॅक्ट चढवलेला आता चालत नाही, प्रत्येकाला वेगळं नाव द्यावं लागतं. तिसऱ्या आवृत्तीवरून घाईघाईत आलेल्या पाइपलाइनी इथे अडखळतात.

चौथा थांबा पत्त्यांचा. टेस्ट कंटेनरच्या आत चालतात, तिथे कोड ‘अ‍ॅप’ नावाच्या फोल्डरमध्ये असतो. रनरवर तोच कोड ‘बिल्ड्स’च्या आत कुठेतरी असतो. अहवालात पहिला पत्ता लिहिलेला, दाखवणारी सेवा दुसरा शोधते. फाईल आहे, अहवाल आहे, आकडे बरोबर आहेत, आणि स्क्रीनवर काहीच नाही. पायथनच्या टूलमध्ये सापेक्ष पत्ते वापरायची सेटिंग आहे, कोडकोव्ह या कव्हरेज सेवेत पत्ते दुरुस्त करण्याची सोय आहे, बाकी ठिकाणी अहवाल चढवण्याआधी शोधा-आणि-बदला करणारी एक ओळही पुरते. अहवालाच्या पहिल्या वीस ओळी उघडून बघा. पत्ता चुकला असेल तर डोळ्यांना लगेच दिसतो. एवढ्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

गिटलॅबवर दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात, हेही सांगून टाकतो. मर्ज रिक्वेस्टवर दिसणारी टक्केवारी जॉबच्या लॉगमधून एका रेग्युलर एक्स्प्रेशनने उचलली जाते. कोडच्या ओळींशेजारी दिसणाऱ्या रंगीत खुणा मात्र अहवालाच्या फाईलीतून येतात, बहुधा कोबर्तुरा स्वरूपातल्या. एक चालतं म्हणून दुसरं चालेल असं नाही. आवृत्ती १५ मध्ये जुनी ‘कोबर्तुरा’ ही की काढून टाकली, तिच्या जागी ‘कव्हरेज रिपोर्ट’ ही नवी की वापरावी लागते. जुन्या ब्लॉगवरून उचललेली पाइपलाइन असेल तर आधी तिथे बघा. या दोन्ही सोयी मोफत आवृत्तीत आहेत, त्यासाठी प्रीमियम घेण्याची गरज नाही.

बाहेरच्या सेवेकडे अहवाल चढवताना टोकन हा मोठा अडथळा. दुसऱ्याच्या फोर्कवरून आलेल्या पुल रिक्वेस्टला गिटहब तुमची गुपितं देत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे तुमच्या माणसांचं कव्हरेज दिसतं, बाहेरून मदत करणाऱ्याचं दिसेलच असं नाही. चढवणारी पायरी फसली तरी बिल्ड पडू नये, अशी सेटिंग अनेकदा असते. मग आकडा आठवडाभर जुना राहतो आणि कुणाला कळतही नाही.

आता पैशांकडे येऊ. २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे गिटहबचा साधा दोन कोअरचा लिनक्स रनर खासगी रेपोसाठी मिनिटाला ०.००८ डॉलर होता, विंडोज त्याच्या दुप्पट आणि मॅक दसपट. पब्लिक रेपोला हे रनर फुकट. मोफत खात्यात खासगी रेपोसाठी महिन्याला २००० मिनिटं मिळत, पण मॅकवर एक मिनिट दहा मिनिटांच्या हिशेबाने कापलं जाई, म्हणजे ती प्रत्यक्षात २००च. गिटलॅबच्या मोफत खात्यात महिन्याला ४०० मिनिटं आणि पुढची हजार मिनिटं १० डॉलरला. अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्समध्ये खासगी प्रकल्पाला १८०० मिनिटं मंजूर करून घेता येतात, आणि जास्तीचा समांतर जॉब महिन्याला ४० डॉलरला पडतो. हे दर बदलत असतात, म्हणून कार्ड पुढे करण्याआधी त्या दिवशीचं पान बघा. एक बारीक गोष्ट: गिटहब प्रत्येक जॉबचा वेळ पूर्ण मिनिटात वर नेऊन मोजतं. बारा जॉब वीस-वीस सेकंद चालले तर बिल बारा मिनिटांचं.

तेच २०२५ चे दर आणि डॉलर ९० रुपये धरू. वीस मिनिटांची पाइपलाइन लिनक्सवर एकदा पुन्हा चालवायला सुमारे १४ रुपये. मॅकवर १४४. आता दुसरी बाजू. वर्षाला १२ लाख पडणारा डेव्हलपर, वर्षाचे कामाचे २००० तास धरले, तर तासाला ६०० रुपये. तो ती वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसला तर २०० रुपये. म्हणजे लिनक्सवर दर खेपेला १४ रुपये मशीनचे आणि २०० माणसाचे. दोघं जण मिळून अख्खा दिवस खपले तर ९६०० रुपये गेले, आणि मशीनचं बिल तेव्हाही शंभर-दोनशेच्या घरात असेल. मशीनची मिनिटं वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या मालकांना हा हिशेब मी कागदावर लिहून दाखवतो. वाचवायची असते ती वाट बघण्याची वेळ.

ती वाचवायची कशी? शोधासाठी वेगळी ब्रँच काढा आणि त्यात फक्त एक टेस्ट ठेवा. वीस मिनिटांची फेरी दोन मिनिटांवर येते. लिंट, डिप्लॉय, ईमेल, सगळं त्या ब्रँचवर बंद. पाइपलाइन ज्या इमेजमध्ये चालते तीच इमेज आपल्या लॅपटॉपवर उतरवा आणि तीच आज्ञा तिथे चालवा. इथे चाललं आणि तिथे नाही, तर फरक बहुधा पत्त्यांचा, हक्कांचा किंवा टोकनचा उरतो. आणि वेळेला कुंपण घाला. अर्धा तास चार थांब्यांना, त्यानंतर दोन तास सापडलेल्या थांब्याला. तेवढ्यात सुटलं नाही तर दुसरा माणूस जोडा, त्याच माणसाला आणखी दिवस देऊ नका.

एक तपासणी त्याआधीची. हा आकडा गायब आहे की मुळातच दिसणार नव्हता? सोनारचा ठरलेला नियम नव्या कोडला ८० टक्के कव्हरेज मागतो, पण बदल वीस ओळींपेक्षा कमी असेल तर मूळ सेटिंगमध्ये ही अट लावतच नाही. फक्त कॉन्फिग फाईल बदलली असेल तर मोजायला कोडच नसतो. गोमध्ये १.२२ च्या आधी टेस्ट नसलेली पॅकेजं मोजणीतच धरली जात नव्हती. आवृत्ती वाढवली आणि आकडा अचानक घसरला, तर कोड बिघडलेला नाही, आधीचा आकडाच फुगलेला होता. असल्या गोष्टींवर दिवस घालवलेल्या टीमा आहेत.

मग सशुल्क सेवा घ्यावी की नाही? माझं मत: दुरुस्तीसाठी घेऊ नये, गरजेसाठी घ्यावी. अनेक रेपो आहेत, प्रत्येक पुल रिक्वेस्टवर कव्हरेज वाढलं की घटलं हे हवं आहे, ग्राहकाला इतिहास दाखवायचा आहे, तर कोडकोव्ह, कव्हरॉल्स किंवा सोनारक्यूब क्लाउडसारखी सेवा पैसे वसूल करून देते. ओपन सोर्सला या तिन्हींकडे फुकट सोय आहे. सोनारक्यूबची कम्युनिटी बिल्ड स्वतःच्या सर्व्हरवर फुकट चालवता येते, पण तिच्यात ब्रँच आणि पुल रिक्वेस्टचं वेगळं विश्लेषण मिळत नाही, आणि ती सांभाळायला माणूस लागतो, तो फुकट नसतो. जेनकिन्स असेल तर त्याचा कव्हरेज प्लगइन आधी बघा. एकच रेपो आणि चार माणसं असतील, तर एचटीएमएल अहवाल आर्टिफॅक्ट म्हणून जोडून ठेवणं पुरेसं आहे. गिटहबवर तो मूळ सेटिंगमध्ये ९० दिवस राहतो.

विकत घ्यायचंच ठरलं, तर दरपत्रकातला डॉलर हा शेवटचा आकडा नसतो. परदेशी सेवेवर १८ टक्के जीएसटी येतो. कंपनी नोंदणीकृत असेल तर खात्यात जीएसटी क्रमांक भरा, मग कर रिव्हर्स चार्जने तुम्ही भरता, आणि त्याचं क्रेडिट मिळेल का हे तुमच्या सीएला विचारा. कार्डावर परकीय चलनाचं वेगळं शुल्क लागतं, ते बँकेगणिक वेगळं. दर माणशी दर असेल तर कोण मोजलं जातं ते वाचा. फक्त कमिट करणारे, की खात्यात असलेले सगळे? एका कमिटसाठी जोडलेला इंटर्न वर्षभर बिलात राहिलेला मी पाहिला आहे.

आणि रिझर्व्ह बँकेचा नियम. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना आधी नोंदवलेली संमती लागते. त्या वेळी अनेकांची परदेशी सदस्यत्वं एका महिन्यात बंद पडली. जून २०२२ मध्ये मर्यादा ५००० वरून १५,००० रुपये झाली. त्याहून मोठी रक्कम असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. दहा-पंधरा माणसांच्या टीमचं मासिक बिल कधीकधी ही रेषा ओलांडतं, ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो सुट्टीवर असतो, पैसे जात नाहीत, खातं मोफत पातळीवर उतरतं आणि खासगी रेपोचा आकडा गायब होतो. म्हणजे काही वेळा हरवलेल्या कव्हरेजचं कारण पाइपलाइनमध्ये नसून अकाउंट्स खात्यात असतं. बिलिंगचं पान त्या पहिल्या अर्ध्या तासातच उघडून बघा.

सेवा निवडताना सुरक्षेचाही खर्च धरा. २०२१ मध्ये कोडकोव्हच्या चढवणाऱ्या बॅश स्क्रिप्टमध्ये कुणीतरी शिरून बदल केला होता. ३१ जानेवारीपासून १ एप्रिलला उघडकीस येईपर्यंत ती स्क्रिप्ट बिल्डमधली एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स बाहेर पाठवत होती. हॅशिकॉर्पसारख्या कंपनीला आपली सही करण्याची की बदलावी लागली. तेव्हापासून माझा सल्ला ठरलेला: ज्या जॉबमध्ये कव्हरेज चढतं, त्यात डिप्लॉयचे पासवर्ड ठेवू नका, आणि चढवणारं टूल ठरावीक आवृत्तीला बांधून ठेवा. याला पैसे लागत नाहीत, दुपार लागते.

उरला तो बाहेरचा माणूस. चार थांब्यांची तपासणी झाली, दोन तास गेले, तरी सुटलं नाही, तर तो बोलवावाच. विशेषतः अनेक भाषांचा एकत्र रेपो किंवा मोबाइल उपकरणांवर चालणाऱ्या टेस्ट असतील तर त्याच्या अनुभवाचे पैसे देणं योग्य आहे. पण तासावर ठरवू नका, कामावर ठरवा. त्याला तुमचा लॉग, चार थांब्यांवरच्या फाईलींची यादी आणि शेवटचा चांगला बिल्ड द्या. शेवटच्या चांगल्या आणि पहिल्या वाईट बिल्डमध्ये काय बदललं, कोड, इमेज, टूलची आवृत्ती की टोकन, हे तुम्ही आधीच लिहून काढलं असेल तर त्याचे निम्मे प्रश्न संपलेले असतात आणि कोटेशन त्या प्रमाणात उतरवून मागता येतं. प्रवेश फक्त त्या एका रेपोचा, काम संपेपर्यंतच. प्रॉडक्शनच्या चाव्या लागतील असं म्हणाला तर दुसरा शोधा, कव्हरेजला त्या लागत नाहीत.

त्याच्याशी होणाऱ्या करारात दोन गोष्टी लिहून घ्या. दुरुस्ती मर्ज रिक्वेस्टच्या स्वरूपात हवी, त्याच्या मशीनवर केलेली जादू नको. आणि अहवालाची फाईल नसेल किंवा रिकामी असेल तर बिल्ड लाल होईल, अशी तपासणी त्याने जोडून द्यायची. अर्धी रक्कम दुरुस्ती झाल्यावर द्या. उरलेली अर्धी, त्याने तुमच्यासमोर अहवालाचा पत्ता मुद्दाम चुकवून बिल्ड लाल झालेला दाखवल्यावर.